दुखण्यातून उठलेले लेकरू

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा आणि घाटंजीच्या बाजूला दसरा-दिवाळीच्या सुमारास वावरात सीतादहीची पूजा होते, कापसाची वेचणी सुरू होते, आणि त्याच दिवसांत अंगणवाडीच्या रजिस्टरमधली वजने घसरू लागतात. पावसाळ्यातल्या हगवणीने खंगलेले लेकरू अजून पुरते सावरलेले नसते, तोच त्याची माय पहाटे भाकर बांधून निघते आणि ते सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर येते. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून या गावांतून आणि कोलाम आदिवासींच्या पोडांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, मी अनेक वर्षे फिरले आहे. एवढ्या लेकरांना जन्मापासून शाळेत जाईपर्यंत पाहिल्यावर एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकते. पहिल्या दोन वर्षांतला आजार लेकराच्या वाढीवर खूण ठेवतो. परंतु ती खूण किती खोल जाईल, हे आजाराच्या दिवसांत आणि त्यानंतरच्या महिन्यांत त्याला कोणी उचलले, कोणी भरवले आणि त्याच्याशी कोण बोलले, यावर फार मोठ्या प्रमाणात ठरते.

आजार नेमके काय करतो, हे आधी सांगायला हवे. जन्माच्या वेळी बाळाच्या मेंदूचे वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण चौथ्या हिश्शाइतके असते आणि दुसऱ्या वाढदिवसापर्यंत ते जवळजवळ तीन चतुर्थांशांवर जाऊन पोहोचते. आयुष्यात पुन्हा कधीही मेंदू इतक्या वेगाने वाढत नाही. स्वस्थ पडलेल्या बाळाच्या शरीराला जेवढी ऊर्जा लागते, तिच्यातली निम्म्याहून अधिक एकटा मेंदूच वापरतो. याच काळात हगवण लागली की भूक मरते, आतड्याचे अस्तर दुखावते, खाल्लेले अंगी लागत नाही; आणि ताप असेल तर असलेली शिल्लक रोगाशी झुंजण्यातच संपते. एखाददुसरे दुखणे लेकरू भरून काढते, मात्र तेवढी सवड त्याला मिळाली पाहिजे. आधीचे भरून निघण्याआधी पुढचे आले, की दोन वर्षांत उंची मागे पडते, आणि उंची मागे पडलेल्या मुलांमध्ये बोलणे, लक्ष देणे, शिकणे हेही मागे पडलेले वारंवार आढळते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली, तर सहा महिने ते पाच वर्षे या वयातील दर तीन मुलांमागे दोघांहून अधिक मुलांमध्ये रक्त कमी होते. लोह हे नुसत्या रक्ताचेच द्रव्य आहे असे घरोघरी समजले जाते. प्रत्यक्षात मेंदूतील मज्जातंतूंवर जे आवरण चढते, त्याच्या घडणीलाही लोह लागते. दोन वर्षांच्या आत त्याची कमतरता पडली, तर पुढे रक्त सुधारूनही काही उणीव मागे राहू शकते.

इथपर्यंतचे बहुतेक प्रशिक्षणांत सांगितले जाते. जे पुरेसे सांगितले जात नाही, ते याच्या पुढचे आहे. वारंवार आजारी पडणारे, रक्त कमी असलेले लेकरू त्रास देत नाही. ते पडून राहते, हात पुढे करत नाही, खेळणे खाली पडले तर त्याच्यामागे रांगत जात नाही, आवाज काढून कुणाला बोलावत नाही. धडधाकट लेकरू दिवसभर मोठ्यांना हैराण करते आणि त्या हैराण करण्यातूनच त्याला शब्द मिळतात, स्पर्श मिळतो, रागावणे मिळते, हसणे मिळते. मुकाट पडलेल्या लेकराबद्दल घरात कौतुकाने बोलले जाते: "मोठं गरीब लेकरू हाये बाई, रडत नाई काई नाई." कामाने पिचलेल्या घराला अशा लेकराची सोय वाटते, आणि त्यात कुणाचा दोष काढावा असे मला कधीच वाटले नाही. पण ज्याला सगळ्यांत जास्त बोलण्याची, खेळवण्याची गरज आहे, त्याच्याच वाट्याला ते सगळ्यांत कमी येते. आजाराने जेवढे नेलेले असते, त्याच्या वर हे दुसरे नुकसान साचत जाते. ते हळूहळू होते आणि कोणत्याही वजनकाट्यावर दिसत नाही.

याच्या उलटही मी पाहिले आहे, आणि त्याबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे. घाटंजीकडच्या एका गावात एक मुलगा जन्मतः रडला नाही. त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात शिशू कक्षात ठेवावे लागले; घरी आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्याला दोनदा हगवण लागली आणि दंडाचा घेर मोजायच्या पट्टीवर तो पिवळ्या भागात, म्हणजे मध्यम कुपोषणात, आला. मान धरायला उशीर, बसायला उशीर. त्या घरात त्याचे आबाजी, म्हणजे आजोबा, होते. मोतीबिंदूमुळे त्यांना वावरातले काम होत नसे, म्हणून लेकरू त्यांच्याजवळ राहायचे. त्यांनी त्याला ओसरीवर समोर घ्यायचे आणि रस्त्यावरून जे जाईल त्याची खबर त्याला द्यायची. स्वतःला दिसत कमी, तर ते आवाजावरून ओळखायचे. "बैल आले पाय. कोनाचे आले? आपले नाई बापा, पाटलाचे आले." एवढे म्हणून ते थांबायचे. लेकराने काही आवाज काढेपर्यंत थांबायचे, आणि तो हुंकार आला की "हो ना, पाटलाचेच" असे म्हणून पुढची खबर. हे थांबणे मला विशेष वाटते. बहुतेक मोठी माणसे लहान मुलांशी बोलतात ती एकतर्फी. या म्हाताऱ्या माणसाने त्या मुलाला बोलण्यातला त्याचा वाटा दिला होता.

तुरीच्या शेंगा सोलायला बसले की आबाजी दाणे आपल्या मांडीआड ठेवायचे, कारण दाणा घशात अडकण्याची भीती, आणि मोठाली हिरवी टरफले थाळीत टाकून ती थाळी लेकरापुढे सरकवायचे. ते आधी अख्ख्या पंजाने टरफल ओढायचे. काही आठवड्यांनी ते अंगठा आणि पहिले बोट जुळवून उचलू लागले. माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचे जे टप्पे चित्रांनी दाखवलेले असतात, त्यातला हा एक. तो त्या मुलाने उशिरा गाठला, पण गाठला. त्याचे वजन पुढेही बरेच दिवस कमीच होते. दोन वर्षांचा झाला तेव्हा मात्र तो दोन शब्द जोडून बोलत होता आणि अनोळखी माणसाला पाहून आबाजींच्या धोतरामागे लपत होता. अनोळखी माणसापासून आपल्या माणसाकडे धाव घेणे हेदेखील निरोगी वाढीचे लक्षण आहे. ज्या लेकराला कोणीच आपले नसते, ते कोणाकडेही जाते.

आबाजींनी जे आपल्या मनाने केले, ते कसोटीवर उतरलेले आहे. जमैकाच्या किंगस्टन शहरातील गरीब वस्त्यांत 1980 च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 9 ते 24 महिन्यांची, उंचीने मागे पडलेली 129 मुले घेतली. काहींना पूरक आहार दिला, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्य सेविका जाऊन आईला घरगुती वस्तूंची खेळणी वापरून मुलाशी खेळायला व बोलायला शिकवी, काहींना दोन्ही मिळाले आणि काहींना यातले काहीच नाही. हे दोन वर्षे चालले. सुरुवातीला आहाराचा आणि खेळाचा दोन्हींचा फायदा दिसला. ती मुले बाविशीत पोहोचली तेव्हा ज्यांच्या घरी खेळ आणि बोलणे पोहोचले होते, त्यांची कमाई तसे काही न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्के अधिक होती. नुसत्या आहाराचा परिणाम मात्र इतका टिकलेला नव्हता. यावरून आहार दुय्यम आहे असा अर्थ कोणी काढू नये. उपाशी लेकराशी गोड बोलून त्याचे पोट भरत नाही. पण आपली सगळी मोजदाद किलोत आणि सेंटिमीटरमध्ये आहे. गंभीर कुपोषित गटातले लेकरू वजन वाढून त्यातून बाहेर पडले की आपल्या लेखी ते सुटले, आणि तिथेच त्याची दुसरी गरज सुरू होते.

नवजात बाळाच्या बाबतीत तर शुश्रूषा आणि उपचार असे दोन भाग करताच येत नाहीत. 1990 च्या दशकात गडचिरोली जिल्ह्यातील 39 गावांत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या घरोघर जाऊन बाळाला ऊब देणे, स्तनपान सुरू करून देणे, जंतुसंसर्ग वेळीच ओळखून त्यावर औषध देणे हे करत. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते, त्या भेटींमागे विदर्भातल्या या जंगलातल्या गावांचे काम आहे, याचा मला अभिमान वाटतो.

आणि तरीही कमी वजनाचे बाळ आत काचेपलीकडे आणि ओली बाळंतीण बाहेर व्हरांड्यात फरशीवर, असे दृश्य मी एका रुग्णालयात पाहिले आहे. तिला ठरावीक वेळीच आत सोडत, आणि सासूला तर दारातूनच परत पाठवत. बाळाला संसर्ग होईल हे कारण सांगितले जाई. 2021 मध्ये भारतासह पाच देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जन्मानंतर लगेच, बाळ स्थिर होण्याचीही वाट न पाहता, कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवले असता पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले, आणि जंतुसंसर्गाचे प्रमाणही वाढले नाही, उलट घटले. म्हणजे आईला बाहेर ठेवण्यासाठी जे कारण दिले जात होते, ते कारणच उरत नाही. त्या बाळंतिणीला घरी परतल्यावर लेकराला हात लावायची भीती वाटत होती. "माह्यापेक्षा मशीनपाशीच बरं होतं ते," असे ती म्हणाली. आईचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास जर तिथे मोडत असेल, तर तो पुन्हा बांधून देणे हे उपचाराचेच काम मानले पाहिजे.

विदर्भात आणखी एक आजार आहे, जो घरच्या वागण्याचा कस पाहतो. सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. आई आणि वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला तो होण्याची चारात एक शक्यता असते. पहिले काही महिने बाळाच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन टिकून असते, म्हणून काही जाणवत नाही. ते ओसरले की सहाव्या महिन्यानंतर कधी तरी दोन्ही हातापायांचे पंजे सुजतात आणि लेकरू हात लावू देत नाही. पांढरकवड्याकडच्या एका घरात मुलीची अशी सूज दृष्टीची समजली गेली, बिब्बा घालून झाला आणि त्यानंतर तपासणी झाली. आता तिला औषध सुरू आहे आणि साधा तापही घरी थोपवून धरायचा नाही, हे आईला पक्के ठाऊक आहे. पण निदानानंतर त्या घराने तिला जमिनीवर ठेवणेच सोडून दिले. पडेल, दुखेल, थंडी लागेल. रांगायच्या वयात ती कडेवर, चालायच्या वयात खाटेवर. तिच्या आजारात रक्तवाहिन्या तुंबून मेंदूलाही इजा होण्याचा धोका असतोच, म्हणून तर तिला इतर मुलांपेक्षा अधिक खेळाची गरज होती. अतिकाळजीनेही लेकरू उपाशी राहते. मी आणि तिथल्या अंगणवाडीताईंनी तिच्या घरच्यांशी पुष्कळ बोलून पाहिले. शेवटी तिची आजी म्हणाली की दुपारी ऊन अंगणात आले की गोधडी टाकून मीच तिच्यासोबत खाली बसते. ती मुलगी गोधडीच्या कडेपर्यंत रांगायची, मागे वळून आजीकडे पाहायची आणि आजीने मान हलवली की माती मुठीत घ्यायची.

ज्या घरावर दुःख कोसळले आहे, त्या घरातल्या लहानग्याबद्दल बोलायला मन धजत नाही, पण यवतमाळ जिल्ह्यात राहून ते टाळताही येत नाही. कर्जापायी बाप गेला, तेव्हा पंचनामा होतो, मदतीची फाईल होते, शाळेत जाणाऱ्या मुलांची विचारपूस होते. सहा महिन्यांच्या बाळाला काय कळते, असे म्हणून ते बाजूला राहते. 1970 च्या दशकात अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक साधा प्रयोग केला. बाळाशी हसत-बोलत असलेल्या आईला त्यांनी काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले. बाळ आधी हसून पाहते, हात पुढे करते, आवाज करते, आणि मग मान फिरवून घेते. प्रयोगातली आई थोड्या वेळाने पुन्हा हसते. शोकाने दगड झालेली आई महिनोन्‌महिने हसू शकत नाही, आणि तिला हस म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. अशा घरी मी शेजारणींना एवढेच सांगते की भाकर-भाजी नेऊन द्याल तशी रोज घटकाभर ते लेकरूही मांडीवर घ्या, आणि तिच्याजवळच बसून घ्या. बाळाला एकाच माणसाची गरज असते असे नाही. रोज दिसणारी, त्याच्या हुंकाराला उत्तर देणारी दोन-चार ठरलेली माणसे असली तरी ते तग धरते. आईलाही औषधोपचाराची गरज असू शकते, आणि ती तिच्या तोंडून कधी निघणार नाही. ती आपल्यालाच ओळखावी लागते.

पोडावरच्या आया मला विचारतात की लेकराशी मराठीत बोलायचे का, म्हणजे शाळेत सोपे जाईल. मी सांगते, कोलामीतच बोला. ज्या भाषेत तुम्हाला रागावता येते आणि लाड करता येतात, ती भाषा त्याला आधी हवी.

हे सगळे सांगताना मला ठाऊक आहे की हे ऐकून घेणारी बाई मनातल्या मनात दिवसाचा हिशेब करत असते. वेचणीची मजुरी किलोवर असते. धुऱ्यावरच्या झोळीत रडणाऱ्या लेकराजवळ ती जितका वेळ बसेल, तितका कापूस कमी भरेल, आणि संध्याकाळी तिच्या काट्यावर तो कमीच दिसेल. मुलाशी बोला, खेळा, ओआरएस चमच्या-चमच्याने पाजा, हगवण थांबली तरी झिंकच्या गोळ्या 14 दिवस पुऱ्या करा, आजारानंतर दोन आठवडे रोज एक वेळ जास्तीचे भरवा, असे सांगणाऱ्या आम्ही तिच्याकडे वेळ मागत असतो, आणि वेळ हीच तिच्याकडची विकायची एकमेव वस्तू आहे. म्हणून आईला अज्ञानी ठरवणारी जनजागृती मला पटत नाही. पोडावरल्या निरक्षर बायकांनाही आपले लेकरू कशाने कोमेजले ते नेमके कळते.

आपल्या व्यवस्थेतली मोठी फट इथेच आहे. अंगणवाडीत रोज येऊन बसायचे ते तीन वर्षांवरच्या मुलांनी. तीनखालच्यांसाठी घरी न्यायचा शिधा, महिन्याचे वजन आणि लसीकरण. म्हणजे ज्या वयात मेंदू सर्वाधिक वेगाने घडतो आणि आजारही सर्वाधिक होतात, नेमक्या त्या वयात दिवसभर लेकराला ठेवायला गावात जागा नाही. 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात, कामावर बायकांसोबत पाच किंवा अधिक लहान मुले आली असतील तर एका बाईला त्यांना सांभाळायला नेमावे आणि तिलाही मजुरी द्यावी, अशी तरतूद केली गेली. मूल सांभाळणे हे मजुरीचे काम आहे, हे कायद्याने मान्य केले होते. खाजगी वावरात असे काहीच नाही, आणि विदर्भातल्या बहुतेक बायका वेचणीला, सोंगणीला, रोवणीला जातात त्या खाजगी वावरातच.

माझ्या भागातल्या एका गावात बायकांनी आपसांतच वाट काढली आहे. वावरात जाणे न झेपणाऱ्या दोन म्हाताऱ्या समाजमंदिरात आठ-दहा लेकरे सांभाळतात आणि वेचणीला जाणारी प्रत्येक बाई आपल्या मजुरीतून त्यांना थोडे देते. अंगणवाडीताई दुपारी जाऊन कुणाला ताप आहे का, कोणी आज खाल्ले नाही, ते पाहते. कोणते लेकरू गप्प बसू लागले आहे याचीही आम्ही आता वेगळी नोंद ठेवतो. तिथे हात धुवायला साबण हवा, झाकलेले पिण्याचे पाणी हवे, ओआरएसची पाकिटे हवीत, आणि त्या दोघींना लेकरांच्या मायच्या मजुरीतून कापून नव्हे, हक्काचे मानधन हवे. ग्रामसभेत हा विषय निघाला तेव्हा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, असा प्रश्न आला. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के वाटा महिला आणि बालकल्याणासाठी राखलेला असतो. तो गावात बहुधा शिलाई मशीन आणि सतरंज्यांवर खर्च होतो. यंदा त्यातून समाजमंदिरातल्या या लेकरांचा खर्च भागवावा, आणि तसा ठराव वेचणी सुरू होण्याआधी मंजूर व्हावा, असे आम्ही लेखी मागितले आहे.